आमच्या घरी नसलेला बैल

मंगळवारी सकाळी आठ वाजता मला ऑपरेशनला आत नेलं. चार तास लागतील, असं अक्काला सांगितलं होतं. कुशीला एक छेद द्यायचा, असं ठरलं होतं. मी अकरा तासांनी बाहेर आले. तेव्हा अंगावर तीन छेद होते, आणि हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिनीच्या जागी कापडाची नळी होती. हे मला माहीत नव्हतं. अक्काला माहीत होतं. ती अकरा तास बाकावर बसून होती.

*

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती लग्न होऊन जळगावला गेली आणि मी धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. आमचं गाव पारोळ्याच्या बाजूचं. वडील, म्हणजे नाना, गावच्या शाळेत मास्तर होते. ते मी बारा वर्षांची असताना गेले, पुढे काही वर्षांनी आई गेली. त्यानंतर मला आई म्हणून जे काही होतं ते अक्काच होती.

आम्ही सगळे उंच. नाना उंच, अक्का उंच, मी तर त्याहून. वरच्या फळीवरचं पुस्तक मी शिडीशिवाय काढते. कॉलेजातली मुलं मागून मला ‘निलगिरी’ म्हणत, आणि मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटे. आमच्या घराण्यात बोटंही लांब. आई म्हणायची, यांच्या हाताला भाकरी लहान पडते.

एके दिवशी बांधणी होऊन आलेले मासिकांचे गठ्ठे वरच्या मजल्यावर नेताना मला मधेच पायरीवर बसावं लागलं. शिपाई म्हणाला, “मॅडम, तुमच्या मानेची शीर उडतेय.” मी त्याला म्हटलं, उडू दे, आधी गठ्ठे ने. पण संध्याकाळी दवाखान्यात गेले. धुळ्याच्या त्या वृद्ध डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावून इतका वेळ कान दिला, की आत खरंच ऐकण्यासारखं काहीतरी असावं असं मला वाटू लागलं. शेवटी ते म्हणाले, “झडप गळते आहे.”

दुसऱ्या दिवशी अक्का जळगावहून पहिल्या एसटीने आली आणि मला घेऊन पुन्हा डॉक्टरांसमोर बसली.

“गळते म्हणजे कशी? नळासारखी?”

“तशीच म्हणा.”

“मग वायसर बदलून टाका.”

डॉक्टर खूप हसले. म्हणाले, “बाई, चाळीस वर्षं मी हे लोकांना समजावतोय, इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही. पण हा वायसर मुंबईला बदलून मिळतो.”

निदानाचा दिवस म्हटला की मला हे हसू आठवतं. भीती नंतर आली, आणि हप्त्याहप्त्याने आली. कोणी या वाटेवर असेल तर सांगते, ती एकदम येत नाही, त्यामुळे झेपते.

*

आता बैलाबद्दल सांगायला हवं.

मी एकतीस वर्षांची होते आणि माझं लग्न व्हायचं होतं. मला त्याची घाई नव्हती, अक्काला होती. जळगावला तिच्या घरी माझे बघण्याचे कार्यक्रम होत. पोहे व्हायचे, मग पाहुण्यांपैकी एखाद्या बाई हळूच विचारायच्या, “वडील कशाने गेले हो?”

नाना कसे गेले ते असं. ते सायकलवरून शाळेतून आले, सायकल भिंतीला लावली, म्हणाले, “पाठीत कोणी सुरी घातल्यासारखं दुखतंय,” आणि ओट्यावर बसले. आई पाणी घेऊन येईपर्यंत गेले होते. वय पंचेचाळीस. कारण कोणाला कळलं नाही.

पण हे पाहुण्यांना सांगायची सोय नव्हती. पंचेचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेलेला बाप म्हणजे घराण्यात काहीतरी आहे, असा अर्थ निघतो आणि स्थळ जातं. म्हणून अक्काने पहिल्याच वेळी सांगून टाकलं, “अपघात झाला. बैलगाडीवरून पडले.”

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, “अक्का, नानांनी जन्मात बैलगाडी हाकली नाही. निदान सायकल तरी म्हणायचंस.”

“सायकलवरथीन पडीसन कोनी मरस का? लोक हासतीन.” आम्ही दोघी असलो की अक्का गावचंच बोलायची.

पुढच्या स्थळाला बैल बुजला. त्याच्या पुढच्या स्थळाला तो बोरी नदीच्या उतारावर बुजला. चौथ्या खेपेला त्याचं नाव रंग्या असल्याचं मला कळलं. सहाव्या खेपेला नाना गेल्यावर रंग्याने तीन दिवस चारा खाल्ला नाही, आणि पाहुण्यांपैकी एक आजीबाई डोळ्यांना पदर लावून रडल्या. मी आत जाऊन ओढणी तोंडात कोंबून हसत होते. अक्काचे यजमान, आमचे दाजी, गंभीर माणूस, तेही पेपर तोंडासमोर धरून हलत होते.

स्थळं काही जमली नाहीत. पण बैल घरचा झाला.

*

मुंबईच्या इस्पितळात सर्जन भेटले ते पन्नाशीचे, हलक्या आवाजात बोलणारे. त्यांनी सांगितलं की, हल्ली छाती मधोमध न उघडता कुशीतून लहान छेद घेऊन झडप दुरुस्त करता येते. हृदय थांबवतात तेवढा वेळ रक्त फिरवणारं यंत्र जोडावं लागतं, त्याची नळी मांडीच्या शिरेतून वर घालतात. बाकी व्रण म्हणाल तर बोटभर.

अक्काने माझ्या मांडीला चिमटा काढला. “पदरखाले झाकाई जाई,” ती पुटपुटली.

सगळा दोष तिच्यावर टाकू नये म्हणून हेही लिहिते. मलाही तो लहान छेद हवा होता. लग्नासाठी नव्हे. आरशासाठी.

सर्जनांनी नाडी पाहायला माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “काय बोटं आहेत! पेटी वाजवता का?”

“पुस्तकं काढते,” मी म्हटलं.

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि एकेक विचारायला लागले. दमा? नाही. साखर? नाही. घरात कोणाला हृदयाचा त्रास? अक्का म्हणाली, आमच्या घरात कोणाला काही नाही. ती हे इतक्या सफाईने म्हणाली की मला पोह्यांचा वास आला.

“वडील आहेत?”

“नाहीत.”

“कशाने गेले?”

“बैलगाडीवरून पडले,” अक्का म्हणाली. “बैल बुजला. रंग्या.”

सर्जनांनी लिहून घेतलं. मी अक्काकडे पाहिलं. तिला काही खोटं बोलल्याचं भानच नव्हतं. इतक्या वेळा सांगून तो बैल तिच्यापुरता खरा झाला होता, आणि टेबलापलीकडे बसून घराण्याची चौकशी करणारा माणूस म्हणजे मुलाकडचा, हे तिच्या जिभेला पाठ होतं. मी बोलायला हवं होतं. पण रंग्याचं नाव त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत ऐकून मला आतून हसू फुटत होतं. ते दाबण्यात मी गुंतले होते, आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न आला.

*

अतिदक्षता विभागात मी जागी झाले तेव्हा तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं. हात कुशीकडे नेऊन पाहिला, पट्टी होती. मग हात छातीवर मधोमध गेला. तिथेही पट्टी होती, गळ्याखालपासून पोटापर्यंत. मी ती बोटांनी वीतभर मोजली आणि मोजणं सोडून दिलं.

थोड्या वेळाने हिरवा झगा आणि तोंडाला फडकं बांधलेली एक उंच बाई पलंगाशी आली. डोळे सुजलेले होते. ती वाकून म्हणाली, “नंदे, तुनं वायसर बदली टाकं. नि संगे पाईपबी बदली टाका.”

मला हसू आलं. तोंडात नळी असताना हसू नये. यंत्र ओरडायला लागलं, केरळच्या सिस्टर धावत आल्या आणि अक्काला दंडाला धरून बाहेर काढलं. “पेशंट को हँसाने का नहीं!” त्यांनी बजावलं. त्या विभागात हसवल्याबद्दल हाकलली गेलेली ती बहुधा एकटीच असेल.

त्याच सिस्टरनी दुसऱ्या दिवशी माझ्या केसांचा गुंता अर्धा तास बसून सोडवला आणि दोन वेण्या घालून दिल्या. ते त्यांचं काम नव्हतं. इस्पितळातल्या पंधरवड्यात सुया किती टोचल्या ते मी विसरले. वेण्या विसरले नाही.

*

सातव्या दिवशी सर्जन वॉर्डात आले आणि स्टूल ओढून बसले. काय झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. मांडीतल्या नळीतून रक्त वर ढकलायला सुरुवात केली, आणि मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीचे पदर सुटत गेले. जुनी गोधडी उसवते तसे, मांडीपासून थेट हृदयापर्यंत. त्यांना ते वेळेवर दिसलं. मग लहान छेद सोडून छाती मधोमध उघडावी लागली, फाटलेला भाग काढून कापडाची नळी शिवावी लागली, आणि त्यानंतर झडप.

“इतकी हलकी भिंत या वयात सहसा नसते,” ते म्हणाले. “मला पुन्हा एकदा विचारायचंय. तुमचे वडील नक्की कसे गेले?”

“बैल...” अक्काने सुरुवात केली, आणि ती थांबली.

अक्काने पदर हातात घेतला, त्याला एक पीळ दिला, आणि सगळं सांगितलं. सायकल, भिंत, पाठीतली सुरी, ओटा. बैल नव्हताच, हेही सांगितलं. का आणला होता तेही.

सर्जनांनी केसपेपरवरचा बैल खोडला. मग म्हणाले, “हे आधी कळलं असतं तर मी मांडीतून गेलो नसतो. आधी ती रक्तवाहिनी नीट तपासली असती आणि छाती सरळ उघडली असती. तरी काहीच झालं नसतं, असं मी छातीठोक सांगणार नाही.”

“म्हणजे हे मी केलं.”

“नाही अक्का. हिची बोटं मी हातात घेतली होती. उंची डोळ्यांसमोर होती. अशा अंगलटीच्या माणसात ही रक्तवाहिनी कमकुवत असू शकते, हे मी शिकलेलो आहे. शंका यायला हवी होती. मी काय विचारलं? पेटी वाजवता का!”

“आणि मी गप्प बसले,” मी म्हटलं.

तिघांनी आपापली चूक अशी एका पलंगाभोवती ठेवली. कोणी कोणाची उचलली नाही, कोणी कोणावर टाकलीही नाही. आजारपणात यापेक्षा मोठी गोष्ट माझ्या वाट्याला आली नाही.

जाताना सर्जन म्हणाले, “हे रक्तात उतरतं. अक्का, तुम्ही स्वतःची तपासणी करून घ्या. लांबवू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा फुंकत अक्का म्हणाली, “रंग्याले इकी टाकं मी. बजारमा.”

“किती आले?”

“कोन्ही फुकट घेवाले तयार नव्हतं.”

*

दोन महिने मी जळगावला अक्काकडे होते. थंडी होती, भरताची वांगी आणि मेहरूणची बोरं यांचे दिवस. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकजण केळी घेऊन यायचा. जळगावात आजाऱ्याला केळी नेणं म्हणजे समुद्राला पाणी नेणं, पण लोक नेतात. दाजी रोज संध्याकाळी तीच केळी पुढच्या पाहुण्यासमोर ठेवत.

येणाऱ्या बायांना व्रण पाहायचा असायचा. अक्का आधी कुशीचा दाखवायची, मग मधला. “हा ठरलेला, आणि हा त्याच्यावर फुकट.” ती लपवायचं विसरून गेली होती. जे झाकायला तिने एवढा बैल उभा केला, ते ती आता शेजारणींना माझं पोलकं सैल करून दाखवत होती.

खोकताना, हसताना छातीशी उशी धरायची असते, म्हणजे हाडाला हिसका बसत नाही. इस्पितळाची उशी परत करावी लागली, म्हणून अक्काने तिच्या जुन्या हिरव्या पातळाची एक छोटी उशी शिवून दिली. मग मुद्दाम काहीतरी बोलायची आणि ओरडायची, “उशी धर! हासू नको, टाका तुटतीन!” तिची मुलगी पल्लवी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती शाळेतून आली की आधी विचारायची, “मावशी, आज किती वेळा उशी?” आणि कॅलेंडरवर आकडा लिहायची. सगळ्यात मोठा आकडा चौदा आहे. त्या दिवशी दाजींनी चुलीवरचं वांगं साणशीऐवजी पल्लवीच्या कंपासपेटीतल्या करकटकाने उचलायला पाहिलं होतं.

सकाळी आम्ही मेहरूणच्या तलावाकडे चालायला जायचो. पहिल्या दिवशी मी दोन घरं चालले. महिनाअखेर तलाव गाठला. तिथे मी अक्काला म्हटलं, “तुझ्या तपासणीचं काय?”

“नाशिकले जानं पडस. तू बरी व्हय, मंग.”

मी बरी झाले. मग पल्लवीची दहावी होती. मग दाजींच्या घरचं लग्न निघालं. मी धुळ्याहून पत्रात विचारायचे, ती उत्तरात लिहायची, “माले काय व्हस? वायसर नवं शे.” मी वाचून हसायचे आणि पत्र ठेवून द्यायचे.

तिला स्वतःची भीती नव्हती. तिच्यात निघालं तर पल्लवीतही असू शकेल, हे तिला कळलं होतं. ते कोणाच्या तोंडून ऐकायचं तिला नको होतं. हे मला तेव्हा समजायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा हसून गप्प बसले होते.

*

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात अक्का गेली. सकाळी ती वांगी भाजत होती. दाजींना म्हणाली, “पाठीत कोणी सुरी घातल्यासारखं होतंय.” दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे. ती वाटेत गेली.

मी जळगावला पोहोचले, आणि पुढचे दिवस दारावर येणाऱ्या माणसांत गेले. माणसं येत, बसत, विचारत, “कसं झालं?” तिसऱ्या दिवशी दाजींच्या एक चुलत वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. चांगल्या मनाच्या बाई, पहिल्या दिवसापासून घरचा चहा त्याच करत होत्या.

“नंदाताई,” त्या हळूच म्हणाल्या, “बाहेर सगळ्यांना हृदयाचं हृदयाचं सांगू नका. पोरगी मोठी होतेय. उद्या तिचं पाहावं लागेल. न्हाणीत पाय घसरून पडली, डोक्याला लागलं, असं म्हणा. कोण बघायला येतंय?”

मला रंग्याची शिंगं दिसली. आम्ही विकलेला बैल दावं तोडून परत दारात आला होता.

वहिनी वाईट सांगत नव्हत्या. अक्कानेही माझ्यासाठी वाईट केलं नव्हतं. माया हीच अशी असते, पोरीला झाकायला जाते. मी त्यांचा हात धरला आणि दोघी बाहेर आलो. ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. पल्लवी भिंतीला टेकून बसली होती, गुडघे जवळ घेऊन, तरी पाय सतरंजीबाहेर जात होते. जामनेरहून आलेल्या एका आबांनी विचारलंच, “बाई, काय झालं व्हतं अक्काले?”

मी म्हटलं, “आबा, आमच्या नानांना जे होतं तेच. मोठ्या रक्तवाहिनीची भिंत हलकी असते, ती फाटते. घराण्यात आहे. माझी फाटली होती, शिवून घेतली. अक्काने तपासलं नाही. पल्लवीचं तपासणार आहोत.”

दाजी खाली पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.” आबांनी मान हलवली. “जा,” ते म्हणाले. “लवकर जा.” त्यानंतर त्यांनी आपल्या चुलत्याचं सांगितलं, तोही असाच गेला होता. पंचवीस वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

*

नाशिकला तपासणीआधी एक कागद भरायचा होता. पल्लवी म्हणाली, “मी भरते.” ती एकेक रकाना मोठ्याने वाचत होती. घरात कोणाला हृदयाचा त्रास? तिने लिहिलं, आजोबा, मावशी, आई. जागा कमी पडली, म्हणून बाजूच्या समासात लिहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “मावशी, बैल कुठे लिहू?”

उशी सोबत नव्हती. मी पर्स छातीशी धरली.

तिची रक्तवाहिनी थोडी रुंद निघाली. रोज एक गोळी घ्यायची, जड उचलायचं नाही आणि दरवर्षी मोजायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अक्काचं हिरवं पातळ आता उशीपुरतंच उरलं आहे. माझ्या अंगावर तीन व्रण आहेत. पल्लवी आणि मी सकाळी एकच गोळी घेतो, ती जळगावला, मी धुळ्याला. पल्लवीची रक्तवाहिनी गेल्या वर्षी होती तेवढीच यंदाही आहे. पुढची तपासणी मार्चमध्ये.